गोपाळरावांच्या परवानगीने : लोकप्रिय कथेतील वैज्ञानिक स्त्री

१/२४
कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून आले की जुन्नर तालुक्यातील मढ लागते. त्याच डोंगररांगेत, फार दूर नाही, नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरच्या बाजारात येत असे. घाटमाथ्याच्या लेण्यात राणी नागनिकेशी जोडलेला ब्राह्मी लेख कोरलेला आहे. अभ्यासक तो साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील मानतात. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले याचा हिशेब त्यात अंकांनी मांडला आहे. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते.

२/२४
त्या लेण्यात राणीची आणि तिच्या आप्तांची शिल्पेही होती. आज त्यांची पावले तेवढी उरली आहेत. चेहरा गेला, नाव आणि हिशेब राहिला. पुढच्या काळात मराठी मनाने बुद्धिमान स्त्रियांच्या ज्या कथा रचल्या, त्यांत नेमके उलटे घडले. चेहरा जपला गेला, त्यावरचे अश्रू जपले गेले, कुंकू जपले गेले. हिशेब मात्र पुसला गेला. तो कसा पुसला गेला, कोणत्या कथांनी पुसला आणि त्याची किंमत आज कोण मोजते, हा या धाग्याचा विषय.

३/२४
प्रतिपादन स्पष्ट आहे. विज्ञानाकडे वळलेल्या स्त्रीसाठी आपल्या लोकप्रिय कथेने तीन साचे तयार ठेवले आहेत. पहिल्यात विज्ञान हे हुकलेल्या संसाराचे सांत्वन असते. दुसऱ्यात ते पतीने दिलेले दान असते. तिसऱ्यात ते स्वयंपाकघराचा विस्तार असते. तिन्ही साचे स्त्रीचा गौरव करतात असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात तिन्ही एकच गोष्ट टाळतात : एखाद्या स्त्रीला एखादा प्रश्न केवळ तो प्रश्न आहे म्हणून सतावू शकतो, ही शक्यता.

४/२४
पहिला साचा जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचा अंकगणिताचा भाग. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, तिच्या विवाहाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवले होते, तिच्या अलंकारातील मोती त्यात पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि दुःखी मुलीच्या समाधानासाठी पित्याने तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट शाळेत ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. या गोष्टीचा माग काढत गेले की वाट फैजीच्या फारसी भाषांतरापाशी पोहोचते. ते भाषांतर अकबराच्या आज्ञेने १५८७ मध्ये झाले, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने.

५/२४
चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याची ही नोंद. घराण्याच्या विद्वान पुरुषांची परंपरा त्यात पिढ्यांनुसार सांगितली आहे. लीलावती नावाच्या मुलीचा उल्लेख त्यात नाही. तेव्हा ती कन्या होती, विद्यार्थिनी होती की निव्वळ कविकल्पना होती, याचा निवाडा त्या लेखावरून होत नाही. निवाडा होऊ शकतो तो ग्रंथाच्या आणि दंतकथेच्या स्वभावातील फरकाचा.

६/२४
ग्रंथात पहिल्याच उदाहरणात लीलावतीला बुद्धिमती म्हणून संबोधले आहे आणि लगेच काम दिले आहे : २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज सांग, ती १०,००० मधून वजा करून बाकीही सांग. उत्तरे ३६० आणि ९,६४०. म्हणजे ग्रंथातील लीलावतीला गणित येते, किमान ते तिला यावे अशी ग्रंथकाराची अपेक्षा आहे. दंतकथेतील लीलावतीला एकही गणित करावे लागत नाही. तिच्याकडून एक मोती पडतो आणि एक लग्न मोडते, एवढेच. ग्रंथ तिला प्रश्न विचारतो. दंतकथा तिच्याविषयी हळहळते. शतकानुशतके घरोघर पोहोचली ती हळहळ.

७/२४
दुसरा साचा आधुनिक आहे आणि अधिक बलवान आहे. कल्याणच्या जोशी कुटुंबातील यमुना, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह. ते बिजवर, वयाने वीसेक वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. पुढे एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला प्रयाण. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

८/२४
आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. पहिले मराठी चरित्र काशीबाई कानिटकर यांनी लिहिले. म्हणजे ही कथा प्रथम दोन स्त्रियांनी सांगितली. परंतु महाराष्ट्राच्या मनात ती रुजली श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीने, आणि त्या कादंबरीचे नाव ‘आनंदी गोपाळ’. त्यावरून नाटक आले, दूरदर्शनवर मालिका आली, २०१९ मध्ये समीर विद्वांस दिग्दर्शित चित्रपट आला. नाव प्रत्येक वेळी तेच राहिले.

९/२४
हे नाव म्हणजे विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव जोडण्याची रूढ पद्धत, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे, आणि आक्षेप तिथूनच सुरू होतो. कादंबरीचे नाव वाचकाला सांगते की ही एका दांपत्याची कथा आहे. दांपत्याच्या कथेत नाट्य नवरा-बायकोत घडते : त्याचा हट्ट, तिची भीती, त्याचा संताप, तिचे झिजणे, अखेर तिचे यश आणि त्याचे डोळे भरून येणे. महाविद्यालय, शवविच्छेदन, रुग्ण, परीक्षा हे सारे या नाट्याच्या मागचे पडदे होतात. चित्रपटाचाही मोठा भाग प्रयाणापूर्वीच्या भारतातच घडतो. फिलाडेल्फिया येते ती शेवटच्या टप्प्यात.

१०/२४
श्री. ज. जोशी यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्या कादंबरीमुळे आनंदीबाई घराघरांत पोहोचल्या; नाहीतर त्या एखाद्या पाठ्यपुस्तकातील चौकटीत राहिल्या असत्या. गोपाळरावांचे श्रेयही काल्पनिक नाही. पत्नीला शिकवण्यासाठी त्यांनी बदल्या घेतल्या, निंदा सोसली, अमेरिकी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. तोच पत्रव्यवहार छापून आल्यावर न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि पुढचा मार्ग खुला झाला. प्रश्न गोपाळरावांच्या श्रेयाचा नाही. त्या श्रेयाखाली काय गाडले गेले, हा प्रश्न आहे.

११/२४
पहिली गाडली गेलेली गोष्ट म्हणजे मार. आनंदीबाईंनी अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्राची मीरा कोसंबी यांनी तपशिलाने चर्चा केली आहे. दहाव्या वर्षी लाकडाने झालेली मारहाण, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या व पुस्तके आणि सोडून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षीच्या शिक्षा यांचा हिशेब त्या पत्रात आहे. लहान मुलीजवळ हे सोसण्यावाचून दुसरा उपाय नव्हता, असेही त्या सांगतात. लोकप्रिय स्मृतीने या सगळ्याला ‘विक्षिप्तपणा’ असे प्रेमळ नाव दिले. शिक्षणासाठी मारले म्हणून मार क्षम्य ठरला. हा न्याय घराघरांतील किती मुलींना लागू झाला असेल, याचा विचार कादंबरीच्या चाहत्यांनी करावा.

१२/२४
दुसरी गाडली गेलेली गोष्ट म्हणजे त्यांचे स्वतःचे मन. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाई इंग्रजीत बोलल्या. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. लोक जे प्रश्न विचारत होते ते त्यांनी एकामागून एक मांडले आणि प्रत्येकाला उत्तर दिले : अमेरिकेलाच का, एकटीच का, जातीने बहिष्कार घातला तर काय. पुरुष डॉक्टरपुढे स्त्रिया मोकळेपणी आजार सांगत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो व्यवहारातून आलेला, नीट रचलेला युक्तिवाद होता. ही मुलगी कोणाच्या धाकाने बोलत नव्हती.

१३/२४
तिसरी गोष्ट प्रबंध. पदवीसाठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने निवडलेला हा विषय, आणि तो मांडण्यासाठी जुने ग्रंथ व नवे वैद्यक यांचा एकत्र अभ्यास. एखाद्या कादंबरीकाराला याहून मोठे नाट्य कोणते हवे? पण या प्रबंधात काय लिहिले आहे, हे ‘आनंदी गोपाळ’ पाहून रडलेल्या किती प्रेक्षकांना सांगता येईल? अंजली कीर्तने यांच्या ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ या चरित्राने कागदपत्रांतून वेगळ्या आनंदीबाई उभ्या केल्या, तरीही लोकांच्या ओठी कादंबरीच राहिली.

१४/२४
हा आजार केवळ मराठी नाही. ‘आनंदी गोपाळ’ ज्या १९६८ मध्ये आली, त्याच वर्षी जेम्स वॉटसन यांचे ‘द डबल हेलिक्स’ प्रसिद्ध झाले. ते आत्मकथन, पण कादंबरीसारखे वाचले गेले. रोझलिंड फ्रँकलिन त्यात ‘रोझी’ म्हणून येतात. त्यांचे कपडे, लिपस्टिक न लावणे, तापट स्वभाव यांवर शेरे आहेत. ज्या क्ष-किरण छायाचित्राने डीएनएच्या रचनेचा माग लागला, ते फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील होते आणि त्यांना न कळवता दाखवले गेले होते. उत्तर द्यायला त्या नव्हत्या. १९५८ मध्येच त्या वारल्या होत्या. शेवटी जोडलेल्या मजकुरात वॉटसन यांनी त्यांच्या कामाची कदर केली, पण वाचकाच्या लक्षात राहिली ती ‘रोझी’. अ‍ॅन सेअर यांनी प्रत्युत्तरादाखल चरित्र लिहिले ते १९७५ मध्ये.

१५/२४
त्याच १९६८ च्या फेब्रुवारीत पल्सारांचा शोध जाहीर झाला. संकेत प्रथम टिपला होता केंब्रिजच्या संशोधक विद्यार्थिनी जोसेलिन बेल यांनी. वार्ताहर आले तेव्हा त्यांनी मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना शोधाचा अर्थ विचारला आणि बेल यांना विचारले, मित्र किती आहेत, शरीराची मापे काय. १९७४ चे नोबेल ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. पुण्यात, लंडनमध्ये, केंब्रिजमध्ये एकाच वर्षी एकच रीत दिसते : विज्ञान पुरुषाला विचारायचे आणि स्त्रीला विचारायचे तिच्या घराविषयी, रूपाविषयी, पुरुषांविषयी.

१६/२४
तिसरा साचा अगदी अलीकडचा. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘आनंदी गोपाळ’ आला आणि ऑगस्टमध्ये ‘मिशन मंगल’. नायिका तारा शिंदे, म्हणजे आडनावाने मराठीच. इंधन वाचवण्याची युक्ती तिला सुचते ती पुऱ्या तळताना : गॅस बंद केला तरी तापलेल्या तेलात उरलेल्या पुऱ्या तळून निघतात. चित्रपटगृहांत या प्रसंगाला टाळ्या पडल्या. मोहिमेचा प्रमुख मात्र पुरुष, आणि भित्तिपत्रकावर सर्वांत मोठा चेहराही त्याचाच. त्या नायकाला कोणतीही कल्पना दाढी करताना सुचावी, अशी गरज पटकथाकाराला भासली नाही.

१७/२४
प्रत्यक्षात काय घडले? ५ नोव्हेंबर २०१३ रोजी पीएसएलव्हीने मंगळयान पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सोडले. हे प्रक्षेपक त्याला थेट मंगळाकडे फेकण्याइतके शक्तिशाली नव्हते. म्हणून यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ येई तेव्हा इंजिन थोडा वेळ पेटवून कक्षा टप्प्याटप्प्याने लांबवली. १ डिसेंबरला ते मंगळाच्या वाटेला लागले. मग सुमारे ३०० दिवस झोपलेले मुख्य इंजिन पुन्हा सुरू होईल का, हा खरा घोर होता. २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते ४ सेकंद चालवून पाहिले आणि २४ सप्टेंबरला यान मंगळाच्या कक्षेत शिरले.

१८/२४
संदेश एका दिशेने पोहोचायला त्या वेळी सुमारे बारा मिनिटे लागत. चूक झाली तर जमिनीवरून सावरणे अशक्य. यानाने स्वतःच निर्णय घ्यावा अशी यंत्रणा आधीच रचावी लागली. रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मीनल रोहित आणि त्यांचे सहकारी या कामांत गुंतले होते. हे नाट्य कमी उत्कंठेचे आहे काय? बारा मिनिटांची ती शांतता पडद्यावर पुरीच्या तेलाहून नक्कीच अधिक जिवंत वाटली असती. पटकथेने पुरी निवडली, कारण स्त्री आणि कक्षागणित यांची जोडी प्रेक्षकाला पटणार नाही, असे तिने गृहीत धरले.

१९/२४
येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. स्वयंपाकघरातील ज्ञान कमी दर्जाचे आहे काय? मुळीच नाही. कमला सोहोनी यांनी आयुष्याचा मोठा भाग अन्नाच्या रसायनशास्त्राला दिला; नीरा आणि कडधान्ये यांवरील त्यांचे संशोधन कुपोषित माणसांच्या ताटाशी जोडलेले होते. पण तिथे नीरा प्रयोगशाळेत आली, मोजली गेली, तपासली गेली. चित्रपटातील पुरी कशाचेच मोजमाप करत नाही. ही बाई अवकाशशास्त्रज्ञ असली तरी घाबरू नका, ती अजून गृहिणीच आहे, असे आश्वासन ती देते. आक्षेप त्या आश्वासनावर आहे.

२०/२४
कमलाबाई म्हणजे दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभर कसोटीवर ठेवण्याच्या आणि पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित न करण्याच्या अपमानकारक अटींवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे त्यांनी दाखवले आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. या कथेत परवानगी देणारा पुरुष नाही; परवानगी नाकारणारा आहे आणि तो थोर आहे. मराठी घरांत आनंदीबाईंइतके त्यांचे नाव का पोहोचले नाही, याचे एक कारण कदाचित हेच.

२१/२४
याहून बोलका दाखला रखमाबाईंचा. अकराव्या वर्षी लग्न, पुढे पतीकडे नांदण्यास नकार, आणि पती दादाजी भिकाजीने केलेला खटला. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये वारल्या. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने रखमाबाईंना सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. तडजोडीने सुटका झाल्यावर त्या लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांवर उपचार करत राहिल्या. १९५५ पर्यंत त्या हयात होत्या. त्यांच्यावर चरित्र आहे, २०१६ चा चित्रपटही आहे. तरी स्मरण होते ते खटल्याचे, दवाखान्यातील तीस वर्षांचे नव्हे.

२२/२४
दोघी मराठी, काही महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या, दोघी डॉक्टर. एकीला पतीने शिकवले आणि ती व्यवसाय सुरू होण्यापूर्वीच वारली. दुसरीने पतीला नाकारले आणि हजारो दिवस काम केले. समाजाने काळजाशी धरली ती पहिली. यात आनंदीबाईंचा दोष तिळमात्र नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळालीच होती, आयुष्य मिळाले नाही. दोष निवडीचा आहे. मेलेली विदुषी कोणाच्या घरात अडचण करत नाही. जिवंत, कमावती, नवऱ्याला नकार देणारी डॉक्टर मात्र करते. कादंबरी ही कादंबरी असते, इतिहास नव्हे, हे उत्तर इथे अपुरे पडते. कारण कोणती कादंबरी लिहायची आणि कोणती डोक्यावर घ्यायची, हा निर्णय समाजच घेतो.

२३/२४
या निर्णयाची किंमत मढसारख्या गावात मोजली जाते. दहावीनंतर विज्ञान घ्यायचे तर एसटीचा प्रवास, शिकवणीचा खर्च, वसतिगृह, हे सारे प्रश्न घरात येतात. तिथे मुलीला कथेने काय शिकवले असते? की शिकण्यासाठी एखादा गोपाळराव लागतो. ज्या घरात तो नाही, तिथे ती स्वप्नच पाहत नाही. जिथे आहे, तिथे उपकाराच्या ओझ्याने शिकते आणि परवानगी मागे घेतली की थांबते. आणि हे सारे कोणत्या तालुक्यात? जिथे खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण उभी आहे. तिच्या साहाय्याने चाललेल्या पल्सारांच्या शोधात भास्वती भट्टाचार्य या संशोधिकेचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. जोसेलिन बेल यांनी टिपलेले ते आकाश मढच्या मुलीच्या तालुक्यातूनच वाचले जाते, आणि तिच्या गोष्टीच्या पुस्तकात मात्र अजून मोती पडतो आहे, पुरी तळली जाते आहे.

२४/२४
मागणी मोठी नाही. आनंदीबाईंवरील पुढची कादंबरी फिलाडेल्फियाच्या वर्गात सुरू व्हावी. त्यांच्या प्रबंधाचा मराठी अनुवाद शाळांच्या ग्रंथालयांत असावा. रखमाबाईंच्या सुरतेतील रुग्णांवर, कमलाबाईंच्या कसोटीच्या वर्षावर कोणीतरी नाटक लिहावे. २६ फेब्रुवारी हा आनंदीबाईंचा स्मृतिदिन आणि २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. दरवर्षी त्या सुमारास खोडदचे विज्ञान प्रदर्शन पाहायला शाळांच्या गाड्या भरभरून जातात. त्या आठवड्यात जुन्नर, ओतूर, मढच्या शाळांत आनंदीबाईंवर भाषणे होतील तेव्हा शिक्षकांनी एवढेच करावे : गोपाळरावांनी काय केले हे दोन वाक्यांत सांगावे आणि उरलेल्या वेळात त्या काय शिकल्या, कोणापुढे काय बोलल्या, कशावर लिहिले, ते मुलींना सांगावे. मग फळ्यावर लीलावतीचे ते पहिले उदाहरण लिहून उत्तर काढायला सांगावे.